वह्या भरल्या, वाचन अडलं

अंबरनाथ पश्चिमेत मराठी, सेमी इंग्रजी किंवा इंग्रजी, कुठल्याही माध्यमातल्या पहिली-दुसरीच्या मुलांच्या पालकांशी बोललं तरी एक तक्रार हमखास कानावर येते. पोरानं वह्याच्या वह्या भरल्या आहेत, अक्षर वळणदार आहे, गृहपाठाखाली लाल शाईत ‘छान’ असा शेरा आहे. पण पुस्तकातलं न शिकवलेलं पान पुढे ठेवलं की ते पहिल्याच ओळीत अडतं. तिकडे वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सॲपवर वेगळीच बातमी फिरत असते: हातानं लिहिलं की मेंदू तल्लख होतो, वाचन सुधारतं, तेव्हा मुलांना भरपूर लिहायला लावा. मग भरपूर लिहिणारं मूल वाचताना का अडतं? या प्रश्नाचं उत्तर वहीच्या पानांच्या संख्येत नाही, ती पानं कशी भरली यात आहे. नमुना समोर ठेवून तो उतरवणं हे एक काम. कानावर पडलेला आवाज मनातल्या मनात फोडून, त्याचं अक्षर आठवून, ते कागदावर आणणं हे दुसरं. वाचनाला खरा हातभार लागतो तो दुसऱ्या कामाचा. आपल्याकडे शाळेचा आणि घरचा बहुतेक वेळ जातो तो पहिल्यात.

पुरावा काय आहे ते आधी पाहू. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरं तीन प्रकारे हाताळायला दिली. काही अक्षरं मुलांनी पाहून स्वतः काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली आणि काही कळफलकावर दाबली. त्यानंतर तीच अक्षरं मुलांना नुसती दाखवली आणि मेंदूचा स्कॅन घेतला. मोठ्या माणसांत वाचनाच्या वेळी मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते या मुलांत स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी जागे झालेले दिसले. दाबलेल्या आणि गिरवलेल्या अक्षरांच्या वेळी तसे दिसले नाहीत. अभ्यासातली मुलं मोजकीच होती, त्यामुळे यावर सगळा इमला उभारू नये. पण निष्कर्षाची दिशा महत्त्वाची आहे. बोटांनी पेन्सिल धरली होती ती गिरवतानाही. तरी गिरवणं हे काढण्यापेक्षा दाबण्याच्या जवळचं ठरलं. अंकलिपीत आणि बालवर्गाच्या वह्यांत ठिपक्यांची अक्षरं पानोपानी असतात, म्हणून आपल्याला ही गोष्ट विशेष लागू पडते.

फ्रान्समधल्या मारीक लॉंगकॉं यांच्या गटानं त्याआधीच, २००५ मध्ये, तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर काम केलं होतं. हातानं अक्षरं शिकलेली आणि कळफलकावर शिकलेली मुलं त्यांनी ताडून पाहिली, तेव्हा थोड्या मोठ्या मुलांत हातानं शिकलेल्यांची अक्षरओळख सरस निघाली. पुढे त्यांनी प्रौढांवर प्रयोग केला. त्यांना अनोळखी चिन्हं हवी होती, आणि ती त्यांनी घेतली गुजराती आणि बंगाली लिपींवरून. ती चिन्हं हातानं लिहून शिकलेल्यांना चिन्ह सुलटं आहे की आरशातलं उलटं, हे जास्त काळ नीट सांगता आलं. गुजरातीचा शेजार असलेल्या मराठी वाचकाला यातली अडचण सहज कळावी. आकाराचं साम्य एवढं की डोळा फसतो. हाताला मात्र रेघ कुठून सुरू होते आणि कुठे वळते हे माहीत असतं. नुसतं पाहणाऱ्याला अक्षर हे चित्र असतं. काढणाऱ्याला त्याची जडणघडण कळते.

असं का होतं, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. जेम्स यांच्याच गटानं २०१६ मध्ये पाच वर्षांच्या मुलांना ग्रीक अक्षरं शिकवून दाखवलं की फायद्याचा मोठा वाटा वैविध्याचा आहे. मूल स्वतः अक्षर काढतं तेव्हा ते दर वेळी थोडं वाकडं, थोडं वेगळं येतं; आणि वेगवेगळी रूपं एकाच अक्षराची आहेत हे कळणं म्हणजेच अक्षरओळख. निरनिराळ्या हातांनी लिहिलेले नमुने नुसते पाहूनही मुलं तेवढीच शिकली. दुसरीकडे स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांना जॉर्जियन आणि आर्मेनियन अक्षरं शिकवली, तेव्हा हाताची हालचाल हाच मोठा घटक दिसला. कळफलकावर अक्षरांचे अनेक ठसे दाखवूनही टंकणारी मुलं लिहिणाऱ्यांच्या मागे राहिली. वाद संपलेला नाही. तरी एक व्यवहारी गोष्ट निघते: एकाच ठशाच्या अक्षरावरून पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवण्यापेक्षा अक्षर स्वतः काढणं बरं, आणि लहान मुलाचं वाकडंतिकडं अक्षर हा खोडरबरानं पुसून टाकायचा दोष नाही.

इथपर्यंतची गोष्ट सुट्या अक्षरांची झाली. वाचन म्हणजे शब्द, आणि तिथे कानाचा भाग येतो. कॅनडातल्या जीन वेलेट आणि मोनिक सेनेशाल यांनी २००८ मध्ये बालवर्गातल्या मुलांना, त्यांना येतील तसे, शब्द स्वतःच्या अंदाजानं लिहू दिले. मुलानं लिहिलेल्या शब्दाशेजारी शिक्षक पुढच्या पायरीचं, थोडं अधिक बरोबर रूप दाखवत. चार आठवड्यांनंतर नवे शब्द वाचायला शिकण्यात ही मुलं इतरांच्या पुढे होती. आवाज फोडून अक्षरांत मांडण्याची खटपट करताना वाचनाला लागणारी नेमकी तीच कसरत ती करत होती, फक्त उलट्या दिशेनं. स्टीव्ह ग्रॅहम आणि मायकेल हेबर्ट यांनी नंतर अनेक अभ्यास एकत्र मांडून दाखवलं की शब्दलेखन नीट शिकवलं तर वाचनही सुधारतं. चिनी भाषेतही, जिथे अक्षरातून उच्चार फारसा कळत नाही, बीजिंगमधल्या मुलांवरच्या २००५ च्या अभ्यासात वाचनाची ताकद लेखनाच्या ताकदीशी बांधलेली आढळली.

आता देवनागरीकडे येऊ, कारण इंग्रजीवरचे अभ्यास जसेच्या तसे इथे उचलून आणता येत नाहीत. इंग्रजी मुलापुढे सव्वीस अक्षरं असतात. मराठी मुलापुढे चौतीस व्यंजनं आणि त्यांची बाराखडी, म्हणजे चारशे आठ रूपं, ॲ आणि ऑ धरून चौदाखडी केली तर आणखी जास्त, जोडाक्षरं वेगळीच. बंगळुरूच्या सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या अभ्यासात दाखवलं आहे की आपल्यासारख्या लिपींत अक्षरांवर पकड यायला तिसरी-चौथी उजाडते. हा मुलांचा मंदपणा नव्हे, लिपीचा पसारा तेवढा आहे. आणि तो पसारा नियमांचा आहे. चारशे चित्रं पाठ करायची नसतात. काना, दोन वेलांट्या, दोन उकार, मात्रा हे मोजके तुकडे कुठल्याही व्यंजनाला कसे लागतात, ते उमगावं लागतं.

एकट्या ‘र’चं उदाहरण घ्या. ‘सर्व’ म्हणताना र हा व च्या आधी ऐकू येतो, पण लिहिताना तो रफार होऊन व च्या डोक्यावर बसतो. ‘क्रम’मध्ये तो क च्या पोटात तिरकी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये ट च्या खाली दोन पाय पसरतो आणि ‘वाऱ्यावर’मध्ये य च्या आधी वेगळीच कोर घेतो. मूल ‘सर्व’ हा शब्द फळ्यावरून उतरवतं तेव्हा त्याला यातलं काहीच ठरवावं लागत नाही. डोक्यावर एक हूक दिसला, काढला. पण बाईंनी ‘सर्व’ म्हटलं आणि फळा कोरा असला, तर त्याला आधी ऐकावं लागतं की र कुठे आला, मग ठरवावं लागतं की तो कुणाच्या डोक्यावर ठेवायचा. एखादं मूल ‘सरव’ लिहील, एखादं रफार स वर ठेवून ‘र्सव’ लिहील. पहिल्याला आवाज सगळे ऐकू आले आहेत, फक्त जोडाक्षर ठाऊक नाही. दुसऱ्याला रफार ठाऊक आहे, त्याचं स्थान कळलेलं नाही. या दोन चुकांवरून उद्या कुणाला काय शिकवायचं ते कळतं. उतरवलेल्या वहीत दोघांचं ‘सर्व’ सारखंच शुद्ध असतं आणि बाईंना काहीच कळत नाही. पहिल्या वेलांटीचंही तसंच आहे. ‘कि’मध्ये इ चा आवाज क नंतर येतो, पण खूण क च्या आधी उभी राहते. हिंदी वाचकांवर झालेल्या २००२ च्या एका अभ्यासात ही वेलांटी वाचनाचा वेग कमी करताना आढळली होती. मोबाईलवर आधी क दाबायचा, मग वेलांटी, आणि ती आपोआप योग्य जागी जाऊन बसते. मोठ्यांची सोय होते. शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याचं काम मात्र यंत्र करून टाकतं.

आपल्या भागातला पुरावा यापेक्षाही बोलका आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वाडा तालुका आणि अंबरनाथ तालुका एकाच ठाणे जिल्ह्यात होते. त्या वाड्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या प्रकल्पात शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षं मागोवा घेतला. मराठी आणि कन्नड वर्गांत वाचन-लेखन प्रत्यक्षात कसं शिकवलं जातं, हे त्यांनी वर्गात बसून टिपलं. तिथे लेखन म्हणजे प्रामुख्याने फळ्यावरून किंवा पुस्तकातून उतरवणं होतं. मुलांनी स्वतःचं काही लिहावं याला जागा नव्हतीच म्हणा. तिसरी संपत आली तरी बऱ्याच मुलांना काना-मात्रांचे शब्द धड वाचता-लिहिता येत नव्हते. ही मुलं लिहीत नव्हती असं नाही, रोज लिहीत होती. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ‘असर’ शहरांत जात नाही, म्हणून अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगरला तो आकडा चिकटवता येणार नाही. पण उतरवून घेण्याची पद्धत गावात एक आणि शहरात वेगळी, असं मानायला काही आधार नाही.

यावर उपाय परदेशातून आणावा लागत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला जे बालशिक्षण उभं केलं, त्याच्या मुळाशी माँटेसरींचा विचार होता. माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केल्यावर मुलांना खरखरीत कागदाची अक्षरं दिली. मूल त्यावरून बोट फिरवी आणि त्याच वेळी त्या अक्षराचा आवाज ऐके आणि स्वतःही म्हणे. मुलं आधी लिहू लागतात आणि त्यातून वाचू लागतात, हे त्यांचं निरीक्षण होतं. यातलं बोट फिरवणं आपण उचललं आणि आवाज सोडून दिला, ही आपल्या बालवर्गांची मोठी चूक आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या कामातून मराठी वाचनाची जी पद्धत रुजवली, तिचं बळही इथेच आहे. पूर्ण मुळाक्षरं संपण्याची वाट न पाहता थोडी अक्षरं आणि एखाद-दुसरी खूण घ्यायची आणि त्यातून लगेच अर्थाचे शब्द वाचायचे, लिहायचे. अ पासून ज्ञ पर्यंत महिनोन्‌महिने सुटी अक्षरं गिरवणाऱ्या मुलाला तोवर एकही शब्द स्वतःचा असा मिळत नाही. वाचायला शिकण्याची गोडी त्याला लागणार कशी?

आता आक्षेप. सगळ्यांत वजनदार आक्षेप इतिहासातून येतो: लिहिता न येता माणसं वाचायला शिकली आहेत. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्चच्या कायद्यानंतर घरोघर वाचन शिकवलं गेलं आणि अठराव्या शतकात तिथले बहुसंख्य लोक वाचू शकत होते. लिहिता येणारे त्या मानानं थोडेच होते. हा आक्षेप मला मान्य आहे. लेखन ही वाचनाची अट नव्हे, मदत आहे. त्यातून एक फार महत्त्वाची गोष्टही निघते. ज्या मुलाचा हात चालत नाही, बोटांत बळ नाही किंवा ज्याला लेखनाची अध्ययन अक्षमता आहे, त्याला अक्षर सुधारेपर्यंत पुस्तकापासून दूर ठेवणं हा अन्याय आहे. त्यानं अक्षरांची ठोकळ्यांनी जुळणी करावी, पाटीवर बोटानं काढावं, तोंडी फोड करून सांगावी. वाचन मात्र थांबू नये. पण काहींना ही मदत घेता येत नाही म्हणून ज्यांना ती घेता येते त्यांच्याकडूनही काढून घ्यावी, असं यातून निघत नाही. त्याच स्वीडननं २०२३ मध्ये शाळांत छापील पुस्तकं आणि हातानं लिहिणं यांवर पुन्हा भर द्यायचं ठरवलं आहे.

दुसरा आक्षेप काळाचा: पुढे सगळं टंकायचंच आहे, तर टॅबवरच शिकू द्या, स्टायलसनं लिहितातच की. जर्मनीत २०२० मध्ये बालवर्गातल्या मुलांवर पेन्सिल, कळफलक आणि टॅबवरचा स्टायलस अशी तुलना झाली. अक्षरओळखीत पेन्सिलवाली मुलं पुढे होती. स्टायलसचा काही खास फायदा दिसला नाही; शब्द लिहिण्या-वाचण्यात कळफलकवाली मुलंही स्टायलसवाल्यांच्या पुढे गेली. गुळगुळीत काचेवर हात घसरतो, त्याला कागदासारखा अडसर मिळत नाही, असं त्याचं एक कारण सांगितलं जातं. म्हणजे सगळे निकाल एकतर्फी हाताच्या बाजूनं लागलेले नाहीत, आणि कळफलक हा शत्रू नाही. तो नंतर यावा, एवढंच. इथेच त्या व्हॉट्सॲपवरच्या बातमीबद्दलही सांगायला हवं. नॉर्वेतला २०२४ चा जो अभ्यास त्यात सांगतात, तो विद्यापीठातल्या ३६ तरुणांवर झाला होता. त्यात मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या, कुणाचं वाचन मोजलं नाही. त्याच्या भरवशावर चार वर्षांच्या मुलाला रोज चार पानं लिहायला लावणं हे त्या संशोधनाच्याही पलीकडे जाणं आहे.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आणि तो खरा आहे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या चुका वाचायला वेळ कुठून आणायचा? उतरवून घ्यायला दिलं की वर्ग शांत राहतो, वही भरते, पालकांना काम दिसतं. पण वेळेचा हिशेब नीट मांडला तर तो उलटा निघतो. एक पान फळ्यावरून उतरवायला वर्गाची अर्धी तासिका जाते. पाच शब्दांचं श्रुतलेखन दहा मिनिटांत होतं, आणि त्यात सगळ्या वर्गाची मिळून दोन-तीनच जातीची चूक सापडते. ती फळ्यावर एकत्र दुरुस्त करता येते. चूक मोजून गुण कापण्यासाठी नव्हे, उद्याचा धडा ठरवण्यासाठी श्रुतलेखन घ्यायचं. आणि पालकांनी वही चाळताना शुद्ध पानं मोजणं सोडलं, तर बाईंवरचाही दबाव उतरेल.

अंबरनाथ-उल्हासनगरच्या पट्ट्यात हे सगळं आणखी तातडीचं आहे, कारण इथलं मूल एका लिपीवर थांबत नाही. पहिलीतच त्याच्यापुढे देवनागरी आणि रोमन शेजारी शेजारी येतात. घरची भाषा मराठी, हिंदी, सिंधी, तमिळ, गुजराती काहीही असू शकते. उल्हासनगरच्या सिंधी घरांत बावन्न अक्षरांची उजवीकडून लिहिली जाणारी अरबी वळणाची लिपी आजोबांना येते आणि सिंधी अस्खलित बोलणाऱ्या नातवाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, असं सर्रास दिसतं. बोलणं कानावर पडत पडत येतं. लिपी कुणीतरी हाताला शिकवावी लागते. त्यातच मुलाच्या डोळ्यांसमोर एकाच अक्षराची दोन रूपं असतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या आणि २०२२ मध्ये सुधारलेल्या वर्णमालेत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे, तर मोबाईलच्या पडद्यावर आणि हिंदी पाट्यांवर बहुधा हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. स्वतःच्या हातानं दहा तऱ्हांनी ल काढलेलं मूल या फरकानं गोंधळत नाही. एकाच ठिपक्यांच्या ल वरून शंभरदा पेन्सिल फिरवलेलं मूल गोंधळू शकतं.

कल्याण-मुंबईची लोकल पकडून रात्री आठ-नऊला घरी परतणाऱ्या आई-वडिलांकडे वेळ कमी असतो, हे मान्य करूनच एवढं मागणं आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला वही नकोच. त्याला फरशीवर खडूनं, पाटीवर, वाळूत मोठी अक्षरं काढू द्या आणि काढताना आवाज मोठ्यानं म्हणू द्या. पहिली-दुसरीतल्या मुलाला मात्र रोज रात्री पुस्तक मिटून पाच शब्द सांगा, त्याच्या रोजच्या बोलण्यातले: भाकरी, रिक्षा, पाऊस, दप्तर, आजी. ‘रिक्षा’ चुकेल, चुकू द्या. त्याला काय ऐकू आलं ते विचारा, बरोबर शब्द शेजारी लिहून दाखवा आणि त्याच्याकडूनच मोठ्यानं वाचून घ्या. जमलं तर शेवटी त्या दिवसाचं एक वाक्य त्याच्या मनानं लिहू द्या. आणि पुढच्या पालकसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर तिथेही, पहिली ते तिसरीच्या वर्गांत रोज दहा मिनिटं ऐकून आणि मनानं लिहिण्यासाठी राखून ठेवा, अशी मागणी लेखी द्या.